विडी, जवान आणि वाफेचे यंत्र

पुण्याहून नगरच्या वाटेला लागले, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणावयाचे, की वाघोली आणि लोणीकंद मागे पडल्यावर पेरणे फाटा येतो. तेथे उजव्या-डाव्या बाजूला पाहण्याचे कारण नाही. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेला दगडी विजयस्तंभ तेथे उभा आहे. पुढे भीमेचा पूल, आणि पूल ओलांडला की शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा. 1 जानेवारी 1818 रोजी येथे लढाई झाली. कॅप्टन स्टॉन्टनची सुमारे आठशे माणसांची तुकडी आदल्या रात्री शिरूरहून निघाली होती. रात्रभर चालून आलेले ते शिपाई दुसऱ्या दिवशी दिवसभर लढले. त्यांत महार शिपाई पुष्कळ होते आणि पडलेल्यांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. त्या दिवसाची आठवण निघाली की तहानेची गोष्ट निघतेच. नदी डोळ्यांसमोर वाहत होती, पण पाण्यापर्यंत जाता येत नव्हते. रात्र पडल्यावर कुठे शिपायांच्या घशाखाली पाणी उतरले.

पुढे 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर आरंभी हाच स्तंभ होता. सांगावयाचा मुद्दा असा की ह्या मुलखाला फौज ही काही लांबची गोष्ट नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. शिरूर-दौंडकडेही पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे दिसतात. भरतीला 1.6 किलोमीटर धावावे लागते आणि तेथे एकेका सेकंदाचा हिशेब होतो.

ही पोरे गुरुजींचे ऐकतात, आईबापांचेही थोडेफार ऐकतात, पण खरे कान देऊन ऐकतात ते सुट्टीवर आलेल्या जवानाचे. तो कसा उठतो, काय खातो, बूट कसे बांधतो, सगळे बारकाईने पाहतात. तो पारावर बसून तंबाखू मळू लागला तर तेही पाहतात. आणि उद्या त्याने खिशातून पेनासारखे एखादे यंत्र काढून तोंडाला लावले आणि गोडसर वासाचा ढग सोडला, तर तेही पाहतीलच. म्हणून ह्या यंत्राविषयी फौजी माणसाला काय वाटते, हा प्रश्न केवळ छावणीचा नाही. तो तुमच्या आमच्या गावाचाही आहे.

तंबाखू आणि शिपाई ही जोडी जुनी. तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगिजांनी, आणि उत्तरेकडे ती गेली आपल्या दख्खनमधून. अकबराच्या अखेरच्या काळात असद बेग नावाचा त्याचा सरदार विजापूरहून तंबाखू आणि नळी घेऊन दरबारात गेला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, हकिमांनी नाके मुरडली, पण सवय पसरायची ती पसरलीच. जहांगिराने 1617 साली बंदी घातली. तिचा उपयोग किती झाला, ते आपल्या गावच्या टपरीकडे पाहून तुम्हीच ठरवा.

शिपायाला सरकारनेच तंबाखू पुरवावी, ही रीत मात्र गेल्या शतकातल्या महायुद्धांनी पक्की केली. 1914 च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने प्रत्येक शिपायाला पितळेची एक डबी भेट देण्याचे ठरले. गोऱ्या शिपायाच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी. हिंदी शिपायांसाठी निरनिराळ्या डब्या केल्या होत्या. बहुतेकांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी. पण शीख शिपायांना सिगारेटी वगळून नुसती खडीसाखर आणि मसाले. शिखांना तंबाखू धर्माने वर्ज्य आहे, एवढी जाण त्या डब्या भरणाऱ्यांनी ठेवली होती. आपल्या मराठा पलटणी त्या नाताळात पुणे डिव्हिजनबरोबर बसऱ्याकडे होत्या.

ह्या डबीचा एवढा पाल्हाळ मी मुद्दाम लावला. ‘फौजेत राहायचे तर विडी-काडी लागतेच, त्याशिवाय धीर टिकत नाही’, असे आपल्याकडे सर्रास बोलतात. बोलणारे पुष्कळदा फौजेत गेलेले नसतात, ते सोडून द्या. पण मग शीख पलटणींचे काय? 12 सप्टेंबर 1897 रोजी सारागढीच्या ठाण्यावर 36 व्या शीख पलटणीचे 21 जवान हजारो पठाणांशी शेवटच्या माणसापर्यंत लढले. त्यांच्या धर्मात तंबाखूला जागा नव्हती. धीर तंबाखूतून येत असता तर तो त्यांना कोठून मिळाला असता?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शिपायांच्या जेवणाचे जे बंद खोके केले, त्यात प्रत्येक वेळच्या जेवणाबरोबर चार सिगारेटी घातलेल्या असत. बिस्किटे, डबाबंद मांस, साखर आणि चार सिगारेटी. ही प्रथा 1975 साली बंद झाली. म्हणजे एक अख्खी पिढी सरकारच्या खर्चाने ओढावयास शिकली, आणि पुढे तिच्या फुप्फुसांच्या आजारांचा खर्चही सरकारच्याच माथी बसला.

आता शिपाई ओढतो का, ते पाहू. घाबरतो म्हणून ओढतो, असे लांबून पाहणाऱ्याला वाटते. पण फौजेत राहिलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल की लढाई थोडी आणि वाट पाहणे फार. पहाऱ्यावर चार तास, गाडीची वाट पाहत दोन तास, हुकूम येईपर्यंत आणखी किती कोण जाणे. रात्रीची झोप मोडलेली, घरचे पत्र नाही, आता फोन आहे पण त्याला रेंज नाही. अशा वेळी शेजारचा जवान पुडी पुढे करतो. ती घेतली की बोलणे सुरू होते. नाही म्हटले तर एकटे पडल्यासारखे वाटते. पहिली चिमूट किंवा पहिला झुरका बहुधा असा सोबतीखातर घेतला जातो. तंबाखूची गोडी मागाहून लागते.

मागाहून लागते ती मात्र भक्कम लागते. निकोटिन नावाचे द्रव्य झुरक्याबरोबर दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. काही वेळाने ते उतरते, तशी चुळबुळ, चिडचिड, बोटांना अस्वस्थपणा. पुन्हा ओढले की शांत. ‘विडीने डोके शांत होते’, हा फौजी माणसाचा अनुभव खोटा नाही; पण त्याचा अर्थ तो उलटा लावतो. आधीच्या विडीने जी अस्वस्थता निर्माण केली, ती पुढची विडी शमविते. सावकाराने आधी खिसा कापावा आणि मग चार आणे उसने द्यावेत, आणि आपण त्याला देवमाणूस म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. ज्याने कधी ओढली नाही त्याचे डोके पहाऱ्यावर तेवढेच शांत किंवा अशांत असते.

जुन्या तंबाखूला एक बरे होते, की ती लपत नसे. विडीचा वास कपड्याला येतो, तोंडाला येतो. काडी ओढली की अंधारात उजेड दिसतो. पहिल्या महायुद्धातील गोऱ्या शिपायांत अशी समजूत होती की एका काडीवर तिघांनी सिगारेट पेटवू नये: पहिल्याच्या वेळी शत्रूला उजेड दिसतो, दुसऱ्याच्या वेळी तो नेम धरतो आणि तिसऱ्याच्या वेळी गोळी झाडतो. दारूगोळ्याच्या कोठारात तर काडेपेटी नेताच येत नाही. म्हणजे ओढणाऱ्याला बाहेर जावे लागे, लोकांच्या नजरेत यावे लागे, वेळ पाहावी लागे. ह्या अडचणी हाच खरा लगाम होता.

आता नवे यंत्र आले आहे. त्याला वेप म्हणतात, ई-सिगारेट असेही म्हणतात. होन लिक नावाच्या एका चिनी औषधतज्ज्ञाने 2003 च्या सुमारास त्याला आजचे रूप दिले. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि सुटका कशी करून घ्यावी, ह्याच विवंचनेत होता. यंत्राची रचना साधी आहे. आत एक लहान बॅटरी, एक तारेचे वेटोळे आणि एक द्रव. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन, वासासाठी आंबा-पुदिना-स्ट्रॉबेरी असले काही, आणि बहुधा निकोटिन. तोंडाने ओढले की तार तापते आणि द्रवाचे सूक्ष्म थेंब धुक्यासारखे उडतात. त्याला आपण वाफ म्हणतो, पण चहाच्या किटलीतून निघते तशी ती निव्वळ पाण्याची वाफ नव्हे. त्या धुक्यात निकोटिन असते, तापल्यामुळे तयार झालेली फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये असतात, तारेपासून सुटलेले धातूंचे कणही सापडतात.

आणखी एक युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. साधे निकोटिन जास्त झाले की घशाला ठसका लागतो. नवशिक्या पोराला पहिली विडी नकोशी होते ती ह्या ठसक्याने. नव्या यंत्रांत निकोटिनला आम्ल मिसळून त्याचा क्षार करतात. तो घशाला मऊ लागतो. त्यामुळे न ओढणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी पुष्कळ निकोटिन ओढता येते. ठसक्याचा नैसर्गिक पहारेकरी असा बाजूला सारला गेला.

हे यंत्र जेथे दुकानात उघड मिळते, तेथील फौजी माणसे त्याकडे कशी पाहतात, ते पाहणे आपल्याला उपयोगाचे आहे. अमेरिकेच्या सैन्यात 2018 साली झालेल्या आरोग्य-पाहणीत सुमारे दर सहा जणांत एक वेप ओढणारा आढळला. आणि तेथील हवाई दलाची एक रीत ऐकण्यासारखी आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहराजवळ लॅकलँड येथे नव्या रंगरुटांचे मूलभूत प्रशिक्षण होते, सुमारे आठ आठवड्यांचे. त्या काळात तंबाखू पूर्ण बंद. विडी नाही, तपकीर नाही, यंत्रही नाही. आठ आठवडे म्हणजे निकोटिन अंगातून जाऊन सवय मोडण्यास पुरेसा काळ. तरीही प्रशिक्षण संपल्यावर पुष्कळ जण पुन्हा ओढू लागतात, आणि काही तर पूर्वी कधी न ओढलेले असून त्यानंतर सुरू करतात. अंगातली ओढ संपली होती, मग हे परत कसे गेले? सोबत परत मिळाली म्हणून गेले.

वेपच्या बाजूने जवान जे बोलतात, त्यातले पहिले म्हणजे ‘वास येत नाही, कोणाला त्रास नाही.’ बराकीत, गाडीत, पांघरुणातसुद्धा ओढता येते. हेच मला सर्वांत काळजीचे वाटते. विडी ओढणारा दिवसातून दहा वेळा बाहेर जाईल. ह्याला बाहेर जावेच लागत नाही, म्हणून त्याला सुमारही राहत नाही. विडी निदान संपते आणि विझते. यंत्र हातात असेपर्यंत चालूच.

‘विडीपेक्षा हे कमी वाईट’, असेही ते म्हणतात. येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. विडी जळते आणि तिच्या धुरात डांबर व कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि धावणाऱ्याला धाप लागते. वेपमध्ये काही जळत नाही, म्हणून हा वायू जवळजवळ नसतो. वीस वर्षे विडी ओढलेला माणूस विडी पूर्ण टाकून यंत्राकडे वळला, तर त्याचे नुकसान कमी होते, असे ब्रिटनच्या आरोग्य खात्याचे मत आहे, आणि तेथे सिगारेट सुटावी म्हणून हे यंत्र लोकांना दिलेही जाते. पण त्याच ब्रिटनने एकदा वापरून फेकावयाची यंत्रे 1 जून 2025 पासून विकण्यास बंदी केली. एक कारण कचऱ्याचे आणि दुसरे शाळकरी पोरांचे. म्हाताऱ्या विडीवाल्यासाठी काढलेली पायवाट पोरांनी शोधून काढली, आणि ती मुळी विडीच ओढत नव्हती. ‘कमी वाईट’ हे कोणापेक्षा, हा प्रश्न म्हणून विचारावा लागतो. विडीपेक्षा कमी असेल. स्वच्छ हवेपेक्षा खासच नाही.

जवानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, मग ते विडीतून येवो की यंत्रातून. सपाटीवर हे कळत नाही. सियाचिनसारख्या बर्फाच्या ठाण्यावर, जेथे हातापायांची बोटे गोठून काळी पडण्याचा धोका असतो, तेथे बोटांपर्यंत रक्त पोहोचणे हाच जीव असतो. तेथे बोटांचे रक्त आपल्या हाताने तोडावयाचे, हा सौदा काही बरा नाही.

त्यांच्या बोलण्यात एक हक्काचाही मुद्दा असतो, आणि तो थोडा सविस्तर पाहू. 2016 साली अमेरिकेतील दोन राज्यांनी तंबाखू आणि वेप विकत घेण्याचे वय 18 वरून 21 केले. लगेच प्रश्न निघाला: अठरा वर्षांचा पोर देशासाठी मरावयास लायक, मग त्याला एक झुरका का नाही? कॅलिफोर्निया राज्याने हे मान्य केले आणि नोकरीवरील जवानांना कायद्यातून वगळले. हवाई राज्याने कोणालाच वगळले नाही, आणि तेथील लष्करी तळांनीही नवे वय पाळले. पुढे डिसेंबर 2019 मध्ये सबंध देशासाठीच 21 वय झाले आणि त्यात जवानांना सूट ठेवली नाही.

हा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या भाषेत विचारला जातो. ‘जाऊ द्या हो, फौजी माणूस आहे, चार दिवस आला आहे, त्याला कशाला टोकता?’ त्यात माया आहे, मान्य. सीमेवर राहून आलेल्या माणसाला घरात कोणी उपदेश करू नये, हेही खरे. पण ह्या मायेची तपासणी करून पाहा. त्याला भाकरी करकरीत झालेली चालत नाही म्हणून आई पुन्हा चूल पेटवते. त्याच्या पायाला भेग पडली तर बायको रात्री तेल चोळते. त्याच्या फुप्फुसांचा प्रश्न आला की मात्र आपण मायेने गप्प बसतो. मरावयास तयार असलेल्या माणसाला आजारी पडण्याचा हक्क बक्षीस द्यावा, हे कसले बक्षीस?

अमेरिकेच्या आरमाराने ह्या यंत्राशी गाठ पडल्यावर काय केले, तेही सांगतो. त्याच्या आतली बॅटरी लिथियमची असते. ती बिघडली की एकदम तापते, पेट घेते, कधी खिशातच फुटते. जवानांना भाजल्याच्या घटना घडल्या, तेव्हा 14 मे 2017 पासून आरमाराने जहाजांवर आणि विमानांत ही यंत्रे नेण्यासच मनाई केली. बंद जहाजात, आजूबाजूला इंधन आणि दारूगोळा असताना, खिशात अशी वस्तू नको, एवढा साधा विचार. 2019 साली त्या देशात वेप ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या तीव्र आजाराची साथ उठली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,800 हून अधिक रुग्ण रुग्णालयांत गेले आणि 68 दगावले. त्यांपैकी बहुतेकांनी गांजाच्या अर्काचा द्रव ओढला होता, आणि त्यात मिसळलेल्या एका तेलकट द्रव्याकडे मुख्य बोट दाखविले गेले. म्हणजे साध्या निकोटिनच्या वेपने ती माणसे मेली, असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण पेठेत मिळणाऱ्या नळकांडीत नेमके काय भरले आहे, हे ओढणाऱ्याला कळत नाही, एवढे त्यावरून सिद्ध झाले. त्याच वर्षी तेथील भूदल आणि हवाई दलाच्या दुकानांतून वेपची विक्री थांबविण्यात आली.

आपल्या देशाने ह्याहून सरळ मार्ग धरला. 18 सप्टेंबर 2019 रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट तयार करणे, आयात करणे, विकणे, वाटणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा केल्यासही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ह्याचा अर्थ असा की आपल्याकडे कोणाच्या हाती हे यंत्र दिसले, तर ते सरळ मार्गाने विकले गेलेले नाही, आणि त्यातील द्रव कोणी तपासलेला नाही.

कायदा झाला म्हणून वस्तू नाहीशी होते, असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 सालीच बंदी आली आणि रस्त्यावरच्या पिचकाऱ्या आपण रोज पाहतो. आणि खरे सांगावयाचे तर खेडेगावातील मोठे दुखणे अजून वेप नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील माणसांत विडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारही नव्हते, पण तोंडात तंबाखू धरणारे किंवा मिसरी लावणारे जवळजवळ चौथा हिस्सा होते. निपाणीची तंबाखू, गोंदिया-भंडाऱ्याची तेंदूची पाने, सिन्नर-सोलापूरकडचे विडी वळणारे हात, हा सगळा पसारा आपल्या घरचा आहे. त्यावर पोट असणारी माणसेही आपलीच आहेत. ह्या जुन्या घरात नवा भाडेकरू येऊ पाहत आहे. तो अजून उंबऱ्यावर आहे, म्हणून आताच बोललेले बरे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. तंबाखूजन्य पदार्थांविषयीच्या 2003 च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलाला तर कोठेच विकता येत नाही. ही मोजणी मुलांकडूनच करून घेता येईल. गणिताच्या तासाला दोरी किंवा टेप घेऊन फाटकापासून टपरीपर्यंत अंतर मोजावे; मीटरमध्ये ते सुमारे 91 भरते. यंत्राची ओळखही तुम्हाला असू द्या. ते पेनासारखे, संगणकाला लावावयाच्या पेनड्राइव्हसारखे किंवा ठोकळ्यासारखे दिसते. वर्गात अकारण फळांचा, पुदिन्याचा गोड वास येऊ लागला तर नाक उघडे ठेवा. सापडलेल्या मुलाला चारचौघांत उभे करून झोडपू नका. त्याला यंत्र कोणी दिले, हे तो मग कधीच सांगणार नाही, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके तेच.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांशी बोलताना कर्करोगाची चित्रे दाखवून फारसे काही होत नाही. अठराव्या वर्षी पन्नासावे वर्ष दिसत नसते. त्यांना घड्याळ दिसते. पंधरा दिवस कोणतीही तंबाखू न घेता धावावे आणि 1.6 किलोमीटरला लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा, असे सांगितले तर ती आवडीने करतात. विडी सुटली की रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांतच उतरतो. आकडा वहीत लिहिलेला असला की कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता घरी आलेल्या जवानाविषयी. त्याची रजा महिना-दोन महिन्यांची असते. तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते. मग ओढ हळूहळू कमी होते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. म्हणजे सोडण्याचा अवघड काळ एका रजेत बसतो. पहारा नाही, पुडी पुढे करणारा सोबती नाही, झोप पुरी मिळते. घरच्यांनी त्या तीन दिवसांत त्याची चिडचिड मनावर घेऊ नये, हातात काहीतरी काम द्यावे आणि पारावरच्या मित्रांना आधीच सांगून ठेवावे. गरज पडली तर सरकारचा फुकट सल्ल्याचा फोन आहे: 1800-11-2356. सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर चित्राखाली हाच क्रमांक छापलेला असतो. त्यावर बोलताना नाव, पलटण काही विचारून कोणी वर कळवत नाही. रजेच्या पहिल्या आठवड्यातच फोन करावा, म्हणजे पुढच्या फोनांनाही वेळ राहतो.